साखरीचा पाय

हुलगे आमच्या घरी एकाच पातेल्यात शिजायचे, घोडीचे आणि आमचे. आई सकाळी चुलीवर जर्मनचं मोठं पातेलं चढवायची. हुलगे मऊ झाले की वरचं पाणी ओतून घ्यायची, त्याला लसूण, मिरची आणि चिंचेचा कोळ लावून आमचं कळण व्हायचं. खाली राहिलेले हुलगे कोंड्यात कालवून वर गुळाचा खडा टाकला की साखरीची चंदी तयार. आबा भाकरी कुस्करता कुस्करता म्हणायचे, "घोडी हुलगं खाती आन् आपुन तिचं उष्टं पाणी पितो बग." आई चुलीकडं तोंड करूनच उत्तर द्यायची, "उष्टं कसलं? आदी आपलं काडलंय की. तीच आपलं उष्टं खाती." हे बोलणं रोजचं होतं, आणि रोज दोघंही नव्यानं हसायची. भवानी पेठेतल्या त्या बोळात आमचं घर शेवटचं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड, आणि शेडच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना. मागांचा खटखटाट इतका अंगवळणी पडला होता की मागांना सुटी असली की आम्हालाच काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. साखरीला तर चैनच पडायचं नाही. त्या दिवशी ती ठाणावर फिरत राहायची, कान भिंतीकडं लावून.

साखरी म्हणजे आमची वरातीची घोडी. पांढरी, पण नाकाशी गुलाबी, आणि उजव्या डोळ्याखाली गव्हाएवढा काळा ठिपका. ती हलगीवर नाचायची. अंगणात बाज टाकली की बाजेवर चढून चारी पाय जुळवून ठेका धरायची आणि शेवटी मागच्या दोन पायांवर उभी राहायची. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघायच्या आधी हा खेळ व्हायचा, आणि लोक नवरदेवाला सोडून तिलाच बघायचे. आबांनी तिला कधी चाबूक दाखवला नाही. जिभेनं टक् टक् आवाज करायचे, आणि तिला ते पुरायचं.

आमच्या डॉक्टरबाईंनी मध्यंतरी एक कागद माझ्यापुढं ठेवला. मी त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात काम करते. कंबरेतनं गेलेली कुत्री, वाकड्या पायाची वासरं, गाडीखाली आलेल्या शेळ्या, अशांना शेक द्यायचा, चोळायचं, पोटाखालनं टॉवेल घालून उभं करायचं, पाण्याच्या टाकीत चालवायचं. याला फिजिओथेरपी म्हणतात हे मला त्यांनीच सांगितलं आणि दाराच्या पाटीवर माझ्या नावाखाली तसं लिहिलंही. कागदावर विचारलं होतं, हे काम कुठं शिकलात. मी लिहिलं, 'घरी, वडिलांकडे.' डॉक्टरबाईंना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही, म्हणून ही वही काढली. ती कुणाला दाखवायची नाही.

आबा मूळचे मेंढरामागं फिरणाऱ्या घरातले. त्यांच्या लहानपणी सगळं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. भांडी, घोंगडी, कोंबड्या, तान्ही पोरंसुद्धा. घोड्याचं सगळं बायका बघायच्या. मुक्कामाला पोचलं की त्याच पाय चोळायच्या, आणि सकाळी त्यांच्यापैकी जिनं पाय चोळले असतील ती घोड्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "लादा." तिनं म्हटल्याशिवाय पुरुषांनी एक गाडगंसुद्धा घोड्यावर चढवायचं नाही. ती गप्प राहिली तर त्या दिवशी मुक्काम तिथंच, मग उन्हानं चारा करपला असला तरी. आबा शहरात आले, मेंढरं गेली, बिऱ्हाड गेलं, पण ही रीत त्यांनी सोडली नाही. लग्नाला निघायच्या आधी जीन हातात धरून ते उभे राहायचे आणि आईकडं बघायचे. बोळातले लोक चेष्टा करायचे, "काय लादताय हो, भाकरीची चवड?" आबा म्हणायचे, "नवरदेव लादायचाय की. त्याच्यापरीस जड वजं कुटलं अस्तंय?"

पण आई विड्या वळायची. दिवसभर सूप मांडीवर, बोटांना तंबाखू. तो वास साखरीला खपायचा नाही. आईनं पायाला हात लावला की ती कान पाडून पाय झटकायची. म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा पाय माझ्याकडं आले. आबांनी मला डोळे मिटायला लावून शिकवलं. आधी चांगला पाय बघायचा, मग दुखरा. गुडघ्यापासून खाली दोन बोटं आणि अंगठा सरकवत यायचं, मागच्या बाजूला जी दोरीसारखी शीर आहे तिच्यावरनं, अगदी सावकाश. "आदी चांगला पाय पाट कर," ते म्हणायचे. "चांगला पाट असला की वाईट आपुआप कळतंय." मी बोलायला भित्री होते. दारात कुणी आलं की मी आत. दुकानात गेले तर दुकानदार विचारीपर्यंत उभी राहायचे. शेजारच्या नरसम्मा मावशी, ज्यांचे यजमान भिंतीपलीकडच्या कारखान्यात विणकर होते, त्यांच्या तेलुगू वळणाच्या मराठीत मला म्हणायच्या, "एम्मा हौसा, तुझा तोंड कुठे ठेवून आली?" पण साखरीच्या पायाशी बसले की मला तोंड लागायचंच नाही. मी तिथं कधीच मुकी नव्हते.

त्या उन्हाळ्यात मोडनिंबच्या लग्नाहून परतताना साखरी टेम्पोतनं उतरली आणि तिचा पुढचा डावा पाय गटारीच्या कडेवरनं घसरला. घरी येईपर्यंत गुडघ्याखाली सूज. बारा दिवसांनी वळसंगला लग्न होतं. त्या लोकांनी दुसरी कुठली घोडी नको, साखरीच पाहिजे म्हणून सांगून ठेवलेलं. आबांनी त्याच दिवशी निरोप धाडला की घोडीचा पाय दुखावलाय, नाही जमलं तर ओळखीतली दुसरी घोडी लावून देतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आबांनी कुणाला शब्दात अडकवलं नव्हतं, स्वतःलाही नाही. दुसरी घोडी ठरलेली होती.

ते बारा दिवस मी साखरीच्या पायाशी काढले. पहिले तीन दिवस गार पाण्याची ओली पटकुरं. मग आंबेहळद आणि तुरटीचा लेप, मग मिठाच्या पुरचुंडीचा शेक, आणि शेवटी कोमट तिळाच्या तेलानं चोळणं, खालून वर, खालून वर. तेलाचा, हळदीचा आणि घोडीच्या घामाचा वास माझ्या केसांत बसला होता. आई म्हणायची, "तुला आता दावणीलाच बांदते." सातव्या दिवशी सूज उतरली. नवव्या दिवशी साखरी लंगडायची थांबली. आबांनी तिला बोळाच्या तोंडापर्यंत चालवत नेलं आणि परत आणलं, आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं, "माज्या पोरीनं पाय म्हागारी आणला. हिच्या हातात गुन हाय." आबा कुणाची स्तुती करणारे नव्हते. त्या दिवशी आईनं मला शेंगाच्या चटणीवर तेल जास्तीचं घातलं. नरसम्मा मावशींनी त्यांच्या बहिणीची शेळी दाखवायला आणली. मी आत पळाले, पण दाराच्या फटीतनं सगळं ऐकत राहिले.

अकराव्या दिवशी मला तो खड्डा लागला.

खड्डा म्हणजे फार काही नाही. शिरेच्या मधोमध, एका बोटाच्या रुंदीएवढी जागा, जिथं दोरी घट्ट लागायच्या ऐवजी मऊ लागत होती. सुतळीचे पदर आतून सुटले आणि वरून पीळ दिसत राहिला तर कसं लागेल, तसं. मी उजवा पाय बघितला. उजव्याला तसं काही नव्हतं. परत डावा. अंगठा दाबला तशी साखरीनं पाय काढून घेतला नाही, पण तिच्या खांद्याची कातडी थरथरली, माशी बसल्यासारखी. माशी नव्हती.

आता डॉक्टरबाईंनी मला चित्र काढून दाखवलंय. शीर म्हणजे हजारो बारीक धागे. त्यातले मधले तुटले तरी बाहेरचे धरून राहतात. सूज उतरते, दुखणं जातं, जनावर नीट चालतं, आणि आतलं भरून यायला महिने लागतात. तोवर दुखणं हीच त्याची राखण असते, कारण दुखतंय म्हणून ते पाय जपून टाकतं. चोळून चोळून दुखणं घालवणारा माणूस ती राखण काढून नेतो. डॉक्टरबाई हे इतक्या सहज सांगत होत्या. मी मान हलवत होते, आणि टेबलाची कड धरून उभी होते.

पण तेव्हा हे चित्र माहीत नव्हतं म्हणून मी चुकले, असं मला लिहिता येत नाही. बोटाला कळलं होतं. चांगला पाय मला पाठ होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा होता. साखरीला आंघोळ घालून, शेपटीला लाल गोंडे बांधून आबांनी बाहेर आणलं होतं. पाय बरा झालेली घोडी बघायला अर्धा बोळ जमला होता. आबांनी जीन उचललं, हातावर धरलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"हौसे, काय म्हनतीस? दुसरी घोडी हाय तयार. तू म्हनशील तसं."

मी साखरीच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे माझ्याकडं बघत होते. नरसम्मा मावशी, त्यांची बहीण, कारखान्यातनं चहाला बाहेर आलेले विणकर, आई. त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं हे मी आयुष्यभर उकरून बघितलंय. एक तर हे खरं की बारा दिवस मी जे काही झाले होते ते मला सोडवत नव्हतं. पण त्याहून खरं आणि त्याहून लहान असं दुसरं आहे. हो म्हणायला एकच शब्द लागत होता. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं. का, काय, कुठं लागलं, काल का सांगितलं नाहीस, हे सगळं इतक्या माणसांसमोर. माझी जीभ टाळूला चिकटली होती. तिच्यातनं एकच शब्द सुटू शकत होता, तो सुटला.

"लादा."

लोक हसले, कुणीतरी टाळी वाजवली. आबांनी खूश होऊन मलाही टेम्पोत घेतलं. आजवर त्यांनी मला कधी लग्नाला नेलं नव्हतं. वळसंगपर्यंत मी साखरीच्या मानेशी उभी राहिले आणि बाहेरची वाळलेली रानं बघत राहिले. मी स्वतःला सांगत होते की अकराव्या दिवशी माझं बोटच चुकलं असेल.

मांडवापुढं बाज टाकलेली होती. हलगी सुरू झाली. साखरी बाजेवर चढली, पाय जुळवले, ठेका धरला. बायका माडीवरनं बघत होत्या, नवरदेव हार घालून बाजूला उभा होता. मी माणसांच्या पायांमधनं फक्त तिचा डावा पाय बघत होते. तो चांगला पडत होता. इतका चांगला की मी श्वास सोडला. मग ती मागच्या पायांवर उभी राहिली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि ती खाली आली.

आवाज झाला असला तर हलगीत गेला. मला एवढंच दिसलं की खुराच्या वरचा सांधा खाली खचला आणि बाजेला टेकला, जसा घोड्याचा सांधा कधीच टेकत नाही. ती बाजेवरनं तीन पायांवर खाली उतरली. आणि हलगी चालूच होती. मागं उभ्या असलेल्या हलगीवाल्याला काही दिसलं नव्हतं. साखरीला ठेका ऐकू येत होता, आणि ठेका ऐकू आला की पाय उचलायचा हे तिला शिकवलेलं होतं. ती तो पाय उचलत होती आणि टाकत होती. टाकला की तो दुमडत होता. परत उचलत होती.

"हलगी थांबीव!" आबा ओरडले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आरं थांबीव की ती हलगी!"

हलगी थांबली तेव्हा तीही थांबली.

घरी आणल्यावर नरसम्मा मावशींच्या यजमानांनी कारखान्यातनं विणताना धागा चुकलेल्या चादरी आणल्या. मावशींनी चार चादरी एकावर एक ठेवून दाभणानं शिवल्या, आणि त्याचा झोळा करून आम्ही साखरीच्या पोटाखालनं घेऊन शेडच्या तुळईला बांधला, म्हणजे तिचा भार थोडा वर राहील. मोर आणि फुलं असलेल्या त्या रंगीत चादरीत ती लटकून उभी असायची आणि भिंतीपलीकडचे माग ऐकायची. हुलगे शिजवले की आई आता पाणी काढून घेत नव्हती, सगळंच तिला घालायची. मला आबांनी एक शब्द विचारला नाही. मी तिच्या सगळ्या अंगाला हात लावायचे, आणि एका सकाळी मला उजवं खूर गरम लागलं, जो पाय चांगला होता त्याचं. सगळा भार त्याच्यावर आला होता. या वेळी मी लगेच सांगितलं. "आबा, उजवं खूर तापलंय." आबांनी स्वतः हात लावून बघितला आणि चपला घालून सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना आणायला गेले.

डॉक्टर आले ते दुपारी. वयस्क, शांत माणूस. त्यांनी दोन्ही पाय बघितले, उजवं खूर फार वेळ हातात धरलं. मग उठून हात पुसत म्हणाले, "हा डावा पाय आतून फाटलेलाच होता आधीपासून. हिला कामाला लावायला सांगितलं कुणी?"

शेडच्या दारात सगळा बोळ होता, त्या सकाळचाच सगळा बोळ. मी तेलाची वाटी धरून उभी होते. मला वाटलं आता आबा माझ्याकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"म्याच," आबा म्हणाले. "पोरगी आदल्या दिवशी न्हाय म्हनत हुती. पायात कायतरी हाय म्हनत हुती. लोकांम्होरं मीच तिच्याकडनं वदवून घेतलं. म्याच ऐकलं न्हाय."

मी बोलले नाही. आईनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली. डॉक्टरांनी तिला सोडवायची सुई दिली तेव्हा आबा साखरीच्या तोंडाशी उभे होते आणि जिभेनं टक् टक् करत होते. झोळ्यामुळं ती पडली नाही. तिला खाली घ्यायला चादरी कापाव्या लागल्या.

बोळात जे बोललं गेलं तेच खरं झालं. हौसा सांगत होती, आबानं ऐकलं नाही, म्हणून घोडी गेली. पोरीच्या बोटाला आतलं कळतं. पहिल्यांदा कुणीतरी लंगडा बैल दाखवायला आणला, मग टांगेवाले घोडी आणायला लागले, आणि माझं लग्नही अशाच एका टांगेवाल्याच्या घरात झालं. तिथं मी टांगे बंद होईपर्यंत घोड्यांचे पाय बघितले, नंतर इतर लोकांच्या वरातीच्या घोड्यांचे. त्या घोड्यांपैकी एक डॉक्टरबाईंकडं गेलं होतं, आणि याचा पाय बांधला कुणी म्हणून त्या मला शोधत आल्या. पाटीवरचं माझं नाव तिथवर गेलंय ते आबांच्या त्या एका वाक्यावर. आबांना मात्र परत कुणी लग्नाला बोलावलं नाही. त्यांनी दुसरी घोडी घेतली नाही. ते कारखान्यावर वॉचमन झाले. मी माहेरी गेले की ते विचारायचे, "जनावरं बरी हैत का?" मी म्हणायचे, "व्हय, बरी हैत." या गोष्टीवर आमचं बोलणं एवढंच.

त्यांचं शेवटचं वर्ष माझ्याकडं गेलं. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. एक तरुण मुलगी आठवड्यातनं दोनदा येऊन व्यायाम करून घ्यायची, बाकीचे दिवस मी. माझे हात बघून ती म्हणाली होती, "मावशी, तुम्हाला शिकवायची गरज नाही." एका सकाळी त्यांची टाच तळहातात घेऊन मी गुडघा वाकवत होते, आणि कधी नव्हे ते मला बोलता आलं. मी म्हटलं, "आबा, मला खड्डा लागला होता. आदल्या दिवशी. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात, आणि मी बोलू दिलं."

त्यांचा पाय माझ्या हातातनं निघून गेला. तीन महिने न हललेला तो पाय त्यांनी मागं ओढून घेतला.

ती मुलगी म्हणाली, अशा अंगात असे झटके आपोआप येतात, त्याला अर्थ नसतो. डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या. शिकलेल्या आहेत, बरोबरच सांगत असतील. पण शीर आपोआप उडते तेव्हा हाताला कसं लागतं आणि जनावर पाय काढून घेतं तेव्हा कसं लागतं, यातला फरक ओळखायचं काम मी आयुष्यभर केलंय. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचे डोळे वर पत्र्याकडं होते.

दुसऱ्या दिवशी मी तेल कोमट करून परत त्यांच्या पायाशी बसले. हात लावायच्या आधी थोडा वेळ थांबले. मग टाच हातात घेतली. या वेळी त्यांनी ती राहू दिली, की काढून घ्यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती, हे मला कळलं नाही.